विरोधात कोणीतरी हवं

मुलुंडच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे श्यामकांत तावडे अठरा वर्षं अध्यक्ष होते. कशाचे, असं एखाद्या नव्या भाडेकरूने विचारलं तर बाकीचे सांगत, "त्यांच्या गावच्या मंडळाचे." वडशेत हे त्यांचं गाव, कणकवलीच्या पुढे, मोठा रस्ता सोडून बरंच आत. तिथली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी गिरण्यांत कामाला आली, परळ-लालबागला एकेका खोलीत दाटीवाटीने राहिली आणि त्यांनीच वडशेत ग्रामस्थ मंडळ काढलं. पुढे गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या. माणसं बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, देवनार, जिथे परवडलं तिथे पांगली. मंडळ मात्र राहिलं.

तावड्यांचे वडील गिरणीत होते. ते स्वतः भांडुपच्या एका औषध कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सवय. गावाहून कोणी उपचाराला आलं की त्याला इस्पितळात खाट मिळवून द्यायची, कोणी गेलं तर स्मशानापर्यंत सगळं बघायचं, गणपतीला गावी जाणाऱ्या बसगाड्या ठरवायच्या, ही त्यांची कामं. त्यांच्या घरात पाहुणा नाही असा दिवस मी क्वचितच पाहिला असेल. शकुवहिनी, म्हणजे त्यांची बायको, कुकरला रोज दोन माणसांचा भात जास्तीचा लावतात.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. विमा कंपनीत नोकरी केली, आता घरीच असते. वडशेतशी माझा काही संबंध नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने मी पुढे या भानगडीत ओढली गेले.

सुरुवात हसण्यावारी झाली. महापालिकेच्या निवडणुकीचे निकाल नुकतेच लागले होते. मी चहाला वर गेले होते आणि पेपरातली एक बातमी त्यांना वाचून दाखवली. एका अपक्ष उमेदवाराला फक्त तीन मतं पडली होती.

"त्याच्या घरात म्हणे पाच माणसं आहेत," मी म्हटलं.

तावडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बिचारा! म्हणजे बायकोनेपण नाही दिलं?"

शकुवहिनी मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हसतास कित्याक? त्याका तीन तरी पडली. तुमका अठरा वर्सांत एक तरी पडला?"

"अगं, माझी निवड बिनविरोध होते."

"ताच म्हणतंय मी. एकपण नाय."

तावडे पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी. चहा संपेपर्यंत ते मटाराच्या टरफलांकडे बघत होते.

दोनच दिवसांनी त्यांनी माझी बेल वाजवली. आत आले, खुर्चीच्या कडेला टेकले.

"शुभाताई, मी अध्यक्ष कसा झालो माहीत आहे? आधीचे अध्यक्ष वारले. सभेत मागून कोणीतरी ओरडलं, 'श्यामकांत!' टाळ्या वाजल्या. झालं. त्यानंतर दर तीन वर्षांनी तेच. नाव कोण पुकारतं तेही मला आठवत नाही."

"मग त्यात वाईट काय? लोकांना तुम्ही हवे आहात."

"तेच तर कळत नाही ना," ते म्हणाले. "हवा आहे की चालतो?"

मतदान घेऊन बघा, असं मी सहज म्हटलं. ते म्हणाले, एकाच नावावर कसलं मतदान? दुसरं नाव लागेल. आणि मग त्यांनी माझं मनगट धरलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस आता गप्प बसणार नाही. सहासष्ट वर्षांचा हा गृहस्थ त्या आठवड्यापासून स्वतःसाठी विरोधक शोधायला निघाला.

पहिला गाठला देवदत्त मेस्त्रीला. बोरिवलीत त्याचा केटरिंगचा धंदा, चाळिशीचा, बोलायला चटपटीत, गावात वजन असलेला. माझी बहीण तिकडेच राहते, म्हणून मीही बरोबर गेले होते. देवदत्तने आम्हाला कोकम सरबत दिलं आणि तावड्यांचं म्हणणं ऐकून त्याचा चेहराच उतरला.

"श्यामकाका, माझं काय चुकलं का?"

"अरे, चुकलं काही नाही. माझ्याविरुद्ध उभा राहा, एवढंच म्हणतोय."

"म्हणजे नक्कीच काहीतरी चुकलं." त्याने हात जोडले. "काका, माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही धावलात. आता मी तुमच्याविरुद्ध उभा राहिलो तर गावात तोंड कसं दाखवू? मला परीक्षेला बसवताय ना तुम्ही? मी नापास नाही होणार."

अंधेरीतले एक गृहस्थ लगेच तयार झाले. उत्साहाने म्हणाले, "राहतो की उभा! पण माझं मत तुम्हालाच हं. घरच्यांचंपण." तावडे घरी येऊन मला म्हणाले, "मी हरूच शकत नसेन तर त्याच्या उभं राहण्याला अर्थ काय? कॅरमला समोर बसलेला माणूस माझ्याच सोंगट्या पॉकेटमध्ये टाकणार, असं झालं ते."

सगळ्यात जास्त चिडले ते अंबादास कदम. मंडळाचे खजिनदार, कांजूरला राहणारे, तावड्यांचे लहानपणापासूनचे मित्र. जिन्यात ऐकू येईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "श्याम, तुका येड लागला काय? आपण सगळे एक, म्हणून मंडळ टिकलं. एकदा का माझा माणूस, तुझा माणूस सुरू झालं की संपलं. शेजारच्या गावाचं नाही बघितलंस? एका मंडळाची दोन झाली. आता सख्खे भाऊ दोन वेगळ्या पूजांना जातात."

खरं सांगायचं तर अंबादास काही उगाच बोलत नव्हते.

शेवटी नाव सुचवलं शकुवहिनींनी. "रश्मीक इचारा," त्या म्हणाल्या. "ती घाबराची नाय."

रश्मी वडशेतची लेक. वडील गेले, तरी त्यांच्या नावाची वर्गणी ती दर वर्षी भरत राहिली. अंधेरीला विमानतळाच्या कार्गोत सुपरवायझर, राहायला घाटकोपरला असल्फ्यात. नवरा हर्षद गुजराती, त्याचं वह्या-पेनांचं दुकान. एका रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. हर्षदने चहा केला आणि तो मुलीला घेऊन बाहेर गेला. रश्मीने तावड्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला खरोखरचा विरोधक हवाय की विरोधकाचा फोटो?"

"खरोखरचा."

"मग आधीच सांगते. मी उभी राहिले तर जिंकायला राहीन. तुमच्या सोयीने हरणार नाही."

तावड्यांनी कप खाली ठेवला. माझी खात्री आहे, हे असं काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना मतं मोजायची होती. हरण्याचा विचार त्यांनी केला असेल, पण तो लांबून.

"चालेल," ते म्हणाले.

"आणि मत कोणाकोणाला?"

"घरटी एक. घरातला कर्ता पुरुष सभेला येतो, तो देईल."

"हे कोणी ठरवलं?"

तावडे विचारात पडले. "तसं कोणीच नाही गं. कधी मतदानच झालं नाही, म्हणून ठरवायची वेळ आली नाही."

"मग आता आली," रश्मी म्हणाली. "माझे बाबा गेले. भाऊ नाही. तुमच्या हिशेबाने माझ्या घरचं मत कोणाचं? हर्षदचं? तो तर वडशेतला दोनदाच आलाय."

असल्फ्याचा उतार उतरताना तावडे रिक्षा शोधत होते. मधेच म्हणाले, "एवढ्या सभा घेतल्या मी, पण मत कोणाला आहे हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, शुभाताई. मलाही कधी पडला नाही."

मंडळाची सभा घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. निवडणूक घ्यायची तर निवडणूक अधिकारी गावाबाहेरचा हवा, म्हणून तावड्यांनी मला नेलं. पुरुष खुर्च्यांवर बसले होते. बायका एका बाजूला, भिंतीकडच्या बाकांवर, वड्यांच्या टोपल्यांजवळ. तावड्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. या वेळी आपल्याविरुद्ध रश्मी उभी आहे. आणि मत कोणाला असावं ते आज ठरवायचं आहे. हॉलमध्ये असा कल्ला झाला की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.

अंबादास उठून फुटीबद्दल बोलले. देवदत्त उठून म्हणाला, घरटी एक मत ही आपली रीत आहे, प्रत्येकाला मत दिलं तर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, घरातच भांडणं लागतील. बरेच जण "बरोबर, बरोबर" म्हणाले. तेव्हा बाकावरून देवनारची एक विधवा म्हातारी उभी राहिली. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझो घोव जावन बरीच वर्सां झाली. वर्गणी कोण भरता? मीच भरतंय मा? मगे माझा मत खंय गेला?"

मग मी, अधिकारी म्हणून, म्हटलं की हात वर करून निर्णय घेऊ या. आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हात तरी कोणाचे मोजायचे? बायकांना मत असावं की नाही हे ठरवताना बायकांचे हात हिशेबात धरायचे का? नियम असता तर मी नियम वाचला असता. तो नव्हताच. मी तावड्यांकडे बघितलं.

ते माईकपाशी आले. "हॉलमध्ये जेवढे सज्ञान वडशेतकर आहेत तेवढ्यांचे हात मोजा. गावच्या घरांत जन्मलेले आणि त्या घरांत लग्न करून आलेले, सगळ्यांचे."

बाकांवरचे हात एकदम वर गेले. खुर्च्यांमधले थोडे हळू गेले, पण गेले. प्रत्येक सज्ञानाला एक मत, असं ठरलं. एक पुरुष हात वर करता करता बायकोकडे बघत होता, हे मला अजून आठवतं.

पुढचा महिनाभर तावडे घरात फारसे सापडले नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी मत मागितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांना ते जमेना. लोकांकडे जायचे, प्रकृती विचारायचे, चहा घ्यायचे आणि मत द्या हे न बोलताच परत यायचे. इकडे रश्मी ड्यूटीवरून सुटली की घरोघर फिरत होती आणि तिचा मुद्दा अगदी साधा होता. गणपतीच्या बसगाड्या परळहून का सुटतात?

मीही तावड्यांना विचारलं, "खरंच, परळला आता तुमचं कोण राहतं?"

"कोणीच नाही," ते म्हणाले आणि थबकले. "पण पहिल्यापासून तिथूनच सुटतात."

त्या देवनारच्या म्हातारीकडे ते मत मागायला गेले तेव्हा त्यांना पूर्ण कहाणी कळली. तिचा मुलगा टेम्पो चालवतो. त्याने सांगितलं, गणपतीला जाताना पिशव्या, तांदळाची गोण, सजावटीचं सामान आणि म्हातारी, एवढं सगळं रिक्षात भरायचं. पण रिक्षाला शीवच्या पुढे शहरात परवानगी नाही. मग शीवला सगळं उतरवायचं आणि टॅक्सी शोधायची. एका वर्षी टॅक्सी मिळाली नाही आणि त्यांची बस चुकली. त्या वर्षी घरच्या गणपतीची पूजा शेजाऱ्याने केली.

"अरे, मग मला सांगायचं नाही का?" तावडे म्हणाले.

मुलगा ओशाळला. "काका, तुम्ही आमच्यासाठी एवढं करता. त्यात आणि तक्रार कशी करायची?"

हे मला सांगताना तावड्यांनी दोनदा चष्मा पुसला. "म्हणजे बघा, मी लोकांच्या उपयोगी पडत गेलो आणि लोक माझ्याशी बोलायचे बंद झाले. हे कसं झालं असेल हो?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अपमान झाल्यासारखे ते दिसत नव्हते. एखादं यंत्र उघडून बघणाऱ्या माणसासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना मत मागता यायला लागलं. त्यांनी जाहीर केलं की निवडून आलो तर एक बस मुलुंडहून आणि एक देवनारहून सोडीन. रश्मीचा लगेच फोन. "काका, माझा मुद्दा चोरलात!"

"चोरला नाही, पटला."

"मग मी बोरिवलीहूनपण सोडणार." त्यावर तावड्यांनी अंधेरीचा थांबा वाढवला. रश्मीने पवईचा. अंबादास डोक्याला हात लावून म्हणाले, "आता प्रत्येकाच्या दारात एकेक बस लावा, आणि आत बसायला माणसं भाड्याने आणा." तावडे हसत सुटले. त्या दिवसांत ते फार हसत. शकुवहिनींना संशय होता की त्यांना ही निवडणूक आवडायला लागली आहे.

मग एका सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर देवदत्तने लिहिलं, 'मंडळ वडशेतच्या लेकरांचं आहे, घाटकोपरच्या शेठचं नाही. विचार करून मत द्या.' खाली अंगठ्यांची रांग लागली. रश्मीने उत्तर दिलं नाही. दुपारी हर्षदच्या दुकानात मंडळातला कोणीतरी जाऊन "काय शेठ, अध्यक्षपद विकत घेताय काय?" असं बोलून आला, तेव्हा मात्र तिने मला फोन केला. तक्रार करत नव्हती. नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कधी आहे, एवढंच विचारत होती.

मी ते तावड्यांना सांगितलं. अंबादास तिथेच बसले होते. तावड्यांनी मोबाइल काढला, एका बोटाने टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी लिहिलं, 'रश्मी वडशेतची आहे. ज्याला हे मान्य नसेल त्याने कृपा करून मला मत देऊ नये. श्यामकांत तावडे.'

अंबादास ताडकन उठले. "अरे, तुझीच मतं घालवतोयस तू! तुला जिंकायचंय की नाही?"

"जिंकायचंय की रे," तावडे म्हणाले. "आधी एवढं नव्हतं वाटत. आता फार वाटतंय. पण ती गेली तर मी पुन्हा बिनविरोधच ना?"

रश्मी गेली नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेचा एक वर्ग आम्हाला मिळाला होता. मतपत्रिकेवर तावड्यांचं चिन्ह नारळ आणि रश्मीचं बस. फळ्यामागे पडदा लावून मत द्यायची जागा केली होती. एवढी माणसं वार्षिक सभेलाही येत नाहीत, असं मला तिघा-चौघांनी सांगितलं. नटूनथटून आलेल्या बायका, कॉलेजातली मुलं, काठी टेकत आलेले गिरणीच्या काळातले दोघे. शकुवहिनी पडद्यामागून आल्या तेव्हा तावडे दारातच उभे होते. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "गुप्त असता मा?" आणि पुढे गेल्या.

मोजणी लहान मुलांच्या बाकांवर झाली. एका मतपत्रिकेवर दोन्ही चिन्हांवर शिक्का होता आणि खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'भांडू नकात.' ती बाद करताना माझ्या जिवावर आलं. रश्मीला एकशे अठ्ठेचाळीस मतं पडली, तावड्यांना एकशे एकवीस.

मी आकडे वाचले तेव्हा तावड्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मग त्यांनी मान वळवून हॉलभर बघितलं, एकेका चेहऱ्यावर थांबत. नंतर रश्मीपाशी गेले, तिला नारळ दिला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो निघाले. सगळं रीतीप्रमाणे झालं.

पण घरी येताच ते सरळ वर गेले. आणि तिसऱ्या मजल्यावरचं दार, जे मी इतकी वर्षं उघडं बघत आले, ते बंद झालं. शकुवहिनी भाजी आणायला भेटत तेव्हा सांगत, दिवसभर खिडकीत बसतात. मधेच म्हणतात, अंबादासच्या घरातली चार मतं, त्यातली मला दोनच पडली असणार. मग म्हणतात, नाही, तीन. मध्यंतरी वहिनींनाही त्यांनी सरळ विचारलं. वहिनींनी तेव्हाही सांगितलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला वाटत होतं की आकडा कळल्यावर त्यांना बरं वाटेल. माणसाला जे जाणून घ्यायचं असतं ते कळल्यावर बरंच वाटतं असं नाही, हे मी या वयात शिकले.

बरेच दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी देवदत्त आणि बोरिवलीकडची चार-पाच माणसं पेढे घेऊन वर गेली. तावड्यांनी मलाही बोलावलं. त्यांना बहुधा साक्षीदार हवा होता. देवदत्तने सांगितलं, आम्ही तिकडची सगळी घरं मिळून वेगळं मंडळ काढतोय. रश्मीच्या हाताखाली आम्हाला राहायचं नाही. "आणि अध्यक्ष तुम्हीच, काका. तुमच्याशिवाय दुसरं नावच नाही."

तावडे पेढ्यांच्या बॉक्सवरची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मला धास्ती वाटली. हा माणूस आता हो म्हणेल असंच वाटलं, आणि म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

"माझ्याविरुद्ध कोण उभं राहणार आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही काका, म्हणून तर आलो!"

"मग नको रे."

"काका, तिकडे तुमचा अपमान झाला, आम्ही मान देतोय..."

"अपमान नाही झाला, पराभव झाला. तो मला पचायचाय अजून. पण तुम्ही जाऊ नका. पुढच्या वेळी तूच उभा राहा ना तिच्याविरुद्ध."

देवदत्तने मान हलवली. ते गेले, आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलंच. अंबादासांनी सांगितलेली फूट अशी खरी झाली. तावड्यांना ते फार लागलं. मला म्हणाले, "माझ्या एका चौकशीपायी एवढी घरं तुटली. हे काही बरं झालं नाही, शुभाताई." मी त्यांची समजूत घातली नाही. ते खोटं बोलत नव्हते. गंमत म्हणजे फुटीला सगळ्यात जास्त घाबरणारे अंबादास कुठेही गेले नाहीत. रश्मीच्या समितीत ते खजिनदार म्हणून राहिले. प्रत्येक बिलाला ती 'का' विचारते, अशी कुरकुर करत होते, पण राहिले.

दार उघडलं ते रश्मीमुळेच. गावाहून एक तरुण मूत्रपिंडाच्या आजाराने आला होता आणि त्याला कुठे न्यायचं, कोणाला भेटायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. तावड्यांनी तिचा पहिला फोन उचलला नाही. दुसराही नाही. मग ती स्वतः ड्यूटी संपवून मुलुंडला आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, मला अध्यक्ष व्हायला जमलं. तुमच्यासारखं इस्पितळातलं करायला जमत नाही. चला." तावडे चपला घालून निघाले. त्या आठवड्यात त्या मुलाची आई शकुवहिनींकडे राहायला आली आणि कुकर पुन्हा मोठा लागायला लागला.

गणपतीच्या आधी मंडळाची सभा झाली. माझं तिथे आता काही काम नव्हतं, तरी तावडे मला घेऊन गेले. बसगाड्यांचा विषय होता. मुलुंड आणि देवनारच्या गाड्या भरल्या होत्या. बोरिवलीच्या गाडीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या, कारण देवदत्तच्या मंडळाने स्वतःची वेगळी बस काढली होती. ती गाडी रद्द करायची की तोटा सोसायचा, यावर रश्मी स्टेजवरून बोलत होती.

आम्ही उशिरा पोचल्यामुळे शेवटच्या रांगेत बसलो होतो. डोक्यावर पंखा खडखडत होता. स्टेजवर रश्मीचे ओठ हलताना दिसत होते, बाकी काही नाही. तावड्यांनी कानामागे हात धरला. मग बाजूच्या माणसाला विचारलं, "इथे नेहमीच असं असतं?"

"नेहमीच," तो म्हणाला. "तुमच्या वेळीपण काही ऐकू यायचं नाही, काका. म्हणून आम्ही मागे बसून गप्पा मारतो."

तावडे त्याच्याकडे बघतच राहिले. नंतर त्यांनी हात वर केला. कोणी बघेना, तेव्हा उभे राहिले.

"अध्यक्षबाई! मागे ऐकू येत नाही."

"काका, एक मिनिट, हा मुद्दा संपवते," रश्मी म्हणाली. निदान तसं म्हणाली असावी.

"अगं, मुद्दाच ऐकू येत नाही!"

पुढच्या रांगा हसल्या. रश्मी थांबली, माईक काढून हातात घेतला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून खुर्च्यांच्या मधून चालत आली. वायर हॉलच्या मध्यापर्यंतच पुरली. तिथेच उभी राहून तिने विचारलं, "आता येतंय?"

"आता येतंय," तावडे म्हणाले. "पहिल्यापासून सांग."